चार सेकंदांचा नियम

ताईने सोमवारी शब्द दिला आणि मंगळवारपासून तिच्या पायाला भिंगरी लागली. खरं म्हणजे शब्द देऊन झाल्यावर माणसाने निवांत व्हावं. दोन आठवडे मानगुटीवर बसलेला प्रश्न एकदाचा उतरला होता. पण ही खुर्चीत टेकायची, लगेच उठायची, पाणी प्यायची, धुतलेला कप पुन्हा धुवायची, खिडकीशी जाऊन खालच्या गाड्यांकडे बघायची आणि काहीच न बघता परत यायची. आता कसली हुरहूर लागली आहे, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

प्रश्न होता फ्रेमवर्क कोणतं घ्यायचं हा. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. फ्रेमवर्क म्हणजे पडद्यावर दिसणारी पानं, बटणं, रकाने बांधायचा तयार सांगाडा. तो एकदा निवडला की पुढची दहा वर्षं त्याच्यावरच मजले चढवायचे. चार मजले झाल्यावर पाया आवडला नाही म्हणून बदलता येत नाही. म्हणून निवडताना माणसं भांडतात, आणि भांडायचा कंटाळा आला की तक्ते करतात.

ताईची टीम पाच जणांची होती. या गोष्टीला त्यातले दोघंच लागतात. लहान लहान दवाखान्यांच्या नोंदणीच्या खिडकीवर जो संगणक असतो, त्याच्यावर चालणारा प्रोग्राम ही मंडळी बनवत. पेशंट आला, त्याने नाव सांगितलं, की खिडकीतल्या बाईने त्याचं पान उघडायचं आणि त्याला आत सोडायचं, एवढंच काम. पण ते काम एकशे साठ दवाखान्यांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाले. जुना प्रोग्राम अकरा वर्षांचा झाला होता. त्याचा सांगाडा ताईने स्वतःच्या हाताने बांधला होता आणि आता जगात तो ताईशिवाय फारसा कुणाला कळत नव्हता. ही काही मिरवायची गोष्ट नव्हती.

नव्यासाठी शेवटी दोन उमेदवार उरले. त्यांची खरी नावं बाजूला ठेवून टीमने त्यांचं बारसं केलं होतं: थोरला आणि धाकटा. थोरला जगभर वापरला जाणारा, ऐसपैस, मागाल ते देणारा. नोकरीच्या दहा जाहिराती उघडल्या तर सात ठिकाणी तोच मागितलेला. धाकटा अंगाने सडपातळ, कामाला चोख, पण त्याला फारसं कुणी ओळखत नाही. तो शिकून उद्या दुसरीकडे गेलात, तर समोरचा विचारणार, हे काय असतं?

थोरल्याची बाजू मांडणारा होता दीड. त्याचं पूर्ण टोपणनाव दीडशहाणा, पण एवढं लांब नाव रोज कोण घेणार? वय सव्वीस, टीममधला सगळ्यात हुशार, आणि ही माहिती त्याला इतर कुणाच्याही आधी मिळालेली. त्याने चाळीस मुद्द्यांचा तक्ता केला होता. प्रत्येक मुद्द्याला गुण, गुणांना वजन, वजनाला कारण. चाळीसच्या चाळीस मुद्दे फिरून फिरून थोरल्याच्या दारात येत. ताई त्याला म्हणालीसुद्धा, "अरे, हा तक्ता आहे की लग्न जमवणाऱ्या बाईची वही?" दीड हसला, पण त्याने एकही वजन बदललं नाही.

त्याचं एक कारण होतं आणि ते त्याने लपवलं नव्हतं. त्याला दुसऱ्या कंपनीने बोलावलं होतं. तिथे थोरल्यावरच काम होतं. तो ताईच्या केबिनमध्ये येऊन सरळ म्हणाला, "ताई, मला इथून जायचं नाही. पण धाकटा घेतलात तर मी माझ्या वयाला काय शिकलो म्हणून सांगू? थोरला घेणार असाल तर मी त्यांना नाही म्हणतो."

खरं सांगायचं तर हे बोलणं ताईला आतून गोड लागलं. तिला स्वतःलाही थोरलाच हवा होता. वय एक्केचाळीस. अकरा वर्षं जे येतं तेच येतं. कधीमधी दुपारी ती सहज म्हणून नोकरीच्या जाहिराती चाळायची आणि आपल्याला येणारी एकही गोष्ट त्यात सापडली नाही की पान बंद करून उगाच कुणावर तरी खेकसायची. थोरला आला असता तर तीही पुन्हा बाजारात चालणारं नाणं झाली असती. तक्त्यात मात्र हा एक्केचाळिसावा मुद्दा कुणी लिहिला नव्हता.

पण ताई अगदीच मनाच्या मर्जीने चालणारी नव्हती. तिचा एक नियम होता, आणि तो सगळ्या टीमला पाठ होता. ऑफिसच्या कोपऱ्यात एक जुनाट संगणक ठेवलेला होता. त्याला सगळे म्हातारा म्हणत. एका दवाखान्याने टाकायला काढलेला, तो ताई मुद्दाम मागून घेऊन आली होती. आपली मशीन नवी, चपळ. तिच्यावर काय, काहीही पळतं. दवाखान्यांत मात्र असलेच म्हातारे आहेत. तेव्हा म्हाताऱ्यावर पेशंटचं पान चार सेकंदांत उघडलं तरच ते बाहेर जायचं, नाहीतर नाही. चारच का? तर एकदा ताई एका खिडकीशी दिवसभर उभी राहिली होती आणि तिने पाहिलं होतं की पाचव्या सेकंदाला पेशंट खिडकीतून आत डोकावायला लागतो, आणि मग खिडकीतल्या बाईचे हात चुकायला लागतात.

सोमवारी दोन्ही उमेदवारांत बांधलेलं तेच पान म्हाताऱ्यावर चालवलं. थोरला तीन सेकंद, धाकटा दोन. दोघेही पास. मग अडलं कुठे? ताईने साहेबांना फोन करून थोरल्याचं नाव सांगितलं आणि दीडला शब्द दिला. लेखी पत्र गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत साहेबांना पाठवायचं ठरलं, कारण शुक्रवारी त्यांची दवाखानेवाल्यांशी बैठक होती. दीडने टेबलावर थाप मारली. मौनीने मान हलवली. मौनी म्हणजे टीमची तपासनीस. केलेल्या कामातल्या चुका शोधणं हे तिचं काम. दिवसाला वीस वाक्यं बोलायची आणि त्यातली अठरा 'हे चालत नाही' अशी असायची. यावेळी तिने 'चालतं' असं लिहून दिलं होतं.

तरी मंगळवार गेला तो येरझाऱ्यांत, बुधवारही तसाच. तीन आणि दोन. ताईला वाटे, इतका ऐसपैस गडी आणि इतका सडपातळ गडी, दोघांत फरक फक्त एका सेकंदाचा? मग वाटे, झालं ना पास, आता कशाला उकरायचं? मनातलं हे भांडण काही मिटेना.

बुधवारी संध्याकाळी ती घरी गेली तर वहिनी पाय खुर्चीवर टाकून बसली होती. ताई भावाकडेच राहायची. ऑफिसात जिला सगळे 'ताई, ताई' करत, ती घरातलं शेंडेफळ होती आणि एक्केचाळीस वर्षांची झाली तरी घरात तिचं नाव बेबीच होतं. भावाचं कामानिमित्त फिरणं फार, त्यामुळे घर या दोघींचंच. आणि वहिनी कोण? तर एका दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत एकोणीस वर्षं बसलेली बाई. ताईचा प्रोग्राम तिच्याइतका कुणी वापरला नव्हता आणि त्याला तिच्याइतक्या शिव्याही कुणी दिल्या नव्हत्या.

"ठरलं का ग बेबी तुझं ते?"

"ठरलं. सोमवारीच."

"मग तोंड असं का? स्थळ पसंत नसताना होकार दिल्यासारखं."

"वहिनी, तुझं आपलं काहीतरीच."

"आमच्या खोक्यावर चालवून बघितलंस?"

"अगं, तसंच खोकं आहे आमच्याकडे. तुमच्याच दवाखान्यातून आणलंय. तेच मॉडेल, तेच साल."

"खोकं असेल. पण त्याच्यासमोर मी बसते का?" वहिनीने पाय खाली घेतले. "उद्या सकाळी ये माझ्याबरोबर. उघडायच्या आधी पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात बघू तुझं स्थळ."

ताईला हो म्हणायचं नव्हतं, पण नाही म्हणायला काही कारणही सापडेना. ती जेवली किती आणि काय, हे तिला सांगता आलं नसतं. आमटी म्हणून वाढून घेतलेलं पाणी होतं हे वहिनीने दाखवल्यावर कळलं.

गुरुवारी सकाळी दोघी दवाखान्यात पोचल्या. दार अजून बंद होतं, तरी बाहेरच्या बाकावर चार-पाच माणसं येऊन बसली होती. वहिनीने मागच्या दाराने आत जाऊन दिवे लावले, टेबल पुसलं, पेनं एका रांगेत लावली आणि खोकं सुरू केलं. ताईने त्यावर थोरल्याचं पान आणून दिलं.

"आता तू तिकडे जा," वहिनी म्हणाली. "खिडकीच्या बाहेर. तू पेशंट."

"अगं, मी इथूनच बघते की."

"इथून काय बघणार? जा म्हटलं ना."

ताई बाहेरच्या बाजूने खिडकीशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात शिपायाने दार उघडलं आणि बाकावरची माणसं सवयीने तिच्या मागे रांगेत लागली. वहिनीने खोटं नाव टाकलं, बटण दाबलं आणि ताईकडे बघून अगदी गोड आवाजात म्हणाली, "कसं वाटतंय?"

"मला काय झालंय?"

"अगं पेशंट ना तू! कसं वाटतंय?"

"बरं नाही."

"कधीपासून?"

"सोमवारपासून," ताई म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं.

"रात्री झोप लागते?"

"नाही."

"जेवण जातं?"

"वहिनी..."

"घरी काळजी घ्यायला कोण आहे?" पान अजून पांढरंच होतं. वहिनीचे प्रश्न संपले. ती खिडकीतून ताईकडे बघत राहिली, ताई तिच्याकडे. मागच्या म्हाताऱ्या गृहस्थाने ताईच्या खांद्यावरून डोकावून विचारलं, "बाई, तुमचं झालं का?" तेव्हा कुठे पान उघडलं.

ताई घड्याळ लावून उभी होती. अकरा सेकंद.

"बघ," वहिनी खालच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या जुन्यावर मी एक प्रश्न विचारते. 'कसं वाटतंय?' त्यांनी उत्तर दिलं की पान उघडतं. लोकांना वाटतं बाई किती आपुलकीने चौकशी करतात. चौकशी कसली, वेळ काढते मी. एक प्रश्न मावतो, फार तर दोन. आता अकरा सेकंदांत काय सात पिढ्यांची हकीकत विचारू? दिवसाला दोनशे माणसं येतात, बेबी. ताप असतो, पोर कडेवर असतं. त्यांनी पांढऱ्या पडद्याकडे बघत उभं राहायचं आणि माझ्यावर ओरडायचं."

ताईने पुन्हा करून बघितलं. पुन्हा अकरा. तिसऱ्यांदा बारा. मग धाकटा चालवला. तीन. पुन्हा तीन. मागची रांग दारापर्यंत गेली, तशी वहिनी म्हणाली, "आता हो बाजूला. माझी खरी माणसं आली." ताई बाजूला झाली. अंगावर गार पाणी ओतल्यासारखी ती रस्त्याला लागली आणि ऑफिसपर्यंत चालतच गेली, कारण गाडीत बसून राहणं तिला जमलं नसतं.

तेच मॉडेल, तेच साल. एकीकडे तीन आणि एकीकडे अकरा. हे होतं कसं?

ऑफिसात मौनी म्हाताऱ्यासमोर बसून काम करत होती. ताईने तिला उठवलं, खुर्चीवर अर्धवट टेकून म्हाताऱ्याच्या पोटात काय काय आहे त्याची यादी उघडली आणि वाचली. पुन्हा वाचली. म्हाताऱ्याच्या अंगात चौपट मेमरी होती आणि कोरी करकरीत डिस्क होती. वरून म्हातारा, आत गडी पंचविशीचा.

"हे कुणी घातलं?"

मौनीने आधी मान खाली घातली. मग बोलली, आणि इतकं एकदम ती पूर्वी कधी बोलली नसेल. "मी, ताई. आठ महिने झाले. दिवसभर याच्यावर बसवत नव्हतं हो. एकेक चाचणी चाळीस चाळीस वेळा करायची आणि दर वेळी बघत बसायचं. माझं काम मागे पडत होतं. तुम्ही ओरडत होतात. मी चिठ्ठी दिली होती तुम्हाला."

"मला?"

मौनी काहीच फेकून देत नसे. तिने खणातून फाइल काढली, फाइलमधून चिठ्ठी. 'चाचणीच्या मशीनसाठी मेमरी व डिस्क हवी. कारण: मशीन फार हळू आहे.' खाली ताईची लफ्फेदार सही.

मशीन फार हळू आहे! अरे, हळू आहे म्हणूनच तर ते तिथे ठेवलं होतं. जो दोष जपायचा म्हणून म्हातारा सांभाळला, तोच दोष तिने सही करून काढून टाकला होता. आणि त्या पोरीला बोल तरी कुठल्या तोंडाने लावायचा? हळू चालणारी गोष्ट वेगात आणणं हाच या मंडळींचा पिंड. मांजराला दुधाची राखण करायला बसवल्यावर दुसरं काय होणार? आठ महिने टीम ज्या तराजूत तोलत होती त्याला पासंग होता, आणि तो लावणारा हात ताईचा होता.

"जुने भाग आहेत?"

ते होतेच. मौनीने पिशवीत गुंडाळून, वर तारीख लिहून ठेवले होते. अर्ध्या तासात म्हातारा पुन्हा म्हातारा झाला. तेवढ्यात दीड आला. त्याला ताईने सगळं सांगितलं. चिठ्ठी दाखवली, सही दाखवली, काही लपवलं नाही. दीडने मौनीची खुर्ची ओढली, स्वतःच्या हाताने स्वतःचं पान उघडलं आणि स्वतःच घड्याळ लावलं.

अकरा.

तो पडद्याकडे बघत राहिला. त्याच्या चाळीस मुद्द्यांतला एकही मुद्दा त्याच्या मदतीला आला नाही.

"ताई, पाच वाजेपर्यंत वेळ आहे ना?"

"आहे."

"मग मला यावर बसू दे. मी आणतो चारवर."

ताईने साहेबांना फोन लावला. हा फोन लावणं सोपं नव्हतं, कारण आजवर असले निर्णय साहेब स्वतः घेत. यावेळी पहिल्यांदा त्यांनी तो तिच्यावर सोपवला होता. तिने चूक कबूल केली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, मला थोरलंही कळत नाही आणि धाकटंही कळत नाही. उद्या बैठकीत कुणी सेकंद मोजायला बसणार नाहीये. त्यांना नाव मोठं दिसलं की बरं वाटतं. तरी निवड तुमची. पाच वाजता मला एक नाव द्या, बस्स."

हे ऐकून तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट जीव आणखी खालीवर व्हायला लागला. साहेब रागावले असते, अमुकच घ्या म्हणाले असते, तर बरं झालं असतं. आता कुणी विचारणार नव्हतं. एकशे साठ दवाखान्यांतल्या खिडक्यांमागच्या बायका साहेबांना फोन करत नाहीत. त्या फक्त पेशंटला आणखी एक प्रश्न विचारतात.

दुपार अशी गेली की ताईला ती पुढे कितीतरी दिवस आठवत राहिली. दीड म्हाताऱ्यासमोर बसून थोरल्याच्या अंगावरचं एकेक ओझं उतरवत होता. रंग काढले, नऊ झाले. चित्रं काढली, आठ. नाव लिहिताना खाली येणारी मदतीची यादी काढली, साडेसहा. तीन वाजले. तो जेवायला उठला नाही. ताई त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहायची, आकडा बघायची, परत केबिनमध्ये जायची, तिथून पुन्हा बाहेर. तिला मनापासून वाटत होतं, या पोराने आणावं चारवर. आण रे बाबा. म्हणजे माझा शब्दही राहील, नियमही राहील, आणि मलाही थोरला मिळेल. चार वाजता आकडा सहावर आला आणि तिथे जो ठाण मांडून बसला तो हलेना.

"दीड, जेव जा," ताई म्हणाली.

"नको."

"अरे, हट्ट करून आकडा हलतो का?"

त्याने मागे वळून तिच्याकडे फक्त पाहिलं आणि पुन्हा काम सुरू केलं. ताईला वाटलं, हरायची सवय नाही ना, जड जातंय.

साडेचार वाजता ती केबिनमध्ये बसली आणि तिने पत्र लिहिलं. धाकटा. का, ते चार ओळींत. चूक आपली होती, ते एका ओळीत. लिहून झाल्यावर तिला हलकं वाटलं नाही, पण हात थांबला. आता दीड जाणार हे ती धरूनच चालली होती. त्याच्यामागे काम कोण ओढणार, याचा विचार तिने उद्यावर टाकला. पण त्याला आधी तोंडाने सांगायला हवं होतं. तिने त्याला हाक मारली.

तो आला. डोळे लाल झाले होते. बसला नाही.

"सहाच आहे ना अजून?"

"सहा."

"मी धाकट्याचं पत्र लिहिलंय. अजून पाठवलं नाही, तुला आधी सांगायचं होतं." ती बोलताना टेबलावरचे कागद उगाच सारखे करत होती. "मी शब्द दिला होता. तो मोडतेय. पण एक सांगू? तू इथे राहू नकोस. मोठी बहीण म्हणून सांगते. त्यांनी बोलावलंय तुला, जा तिकडे. इथे धाकट्यात अडकलास तर अकरा वर्षांनी माझ्यासारखा होशील. जे येतं ते कुणाला नको आणि जे हवं ते येत नाही. तुझ्यासारखा मुलगा इथे राहावा असं मला फार वाटतं. तरी जा."

एवढं बोलून तिला वाटलं, निदान हे तरी आपण खरं बोललो.

दीड म्हणाला, "कुठे जाऊ?"

"म्हणजे?"

"मी त्यांना मंगळवारी सकाळीच नाही कळवलं. तुम्ही सोमवारी शब्द दिलात ना." त्याचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर ताईला ऐकणं सोपं गेलं असतं. "काल त्यांनी दुसऱ्याला घेतलं. मी आज सकाळी, साहेबांशी तुमचा फोन चालला होता तेव्हा, त्यांना फोन करून विचारलं."

ताईचे हात कागदांवरच राहिले.

"सकाळपासून मी हट्टाने बसलो होतो असं वाटलं तुम्हाला?"

तिला तसंच वाटलं होतं. दिवसभर त्याच्या पाठीमागे उभी राहून तिने आपल्याच शब्दाची आणि आपल्याच थोरल्याची काळजी केली होती. या पोराच्या मागची वाट बंद झाली असेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"मी त्यांच्याशी बोलते. चूक माझी होती म्हणून सांगते."

"नको ताई. शाळेत जात नाही मी, घरून चिठ्ठी घेऊन जायला."

बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. पाचला सहा मिनिटं होती. पत्र समोर उघडंच होतं. सहा म्हणजे काही अकरा नव्हे, ताईच्या मनात आलं. निम्म्यावर तर आलंच आहे. साहेब विचारणार नाहीत, बैठकीतलं कुणी विचारणार नाही. नियम तिनेच केला होता आणि तिनेच एकदा सही करून मोडला होता. पुन्हा एकदा मोडला तर आभाळ कोसळणार नव्हतं. तिला आता फक्त कुणीतरी हात द्यायला हवा होता.

"दीड, मला एक खरं सांग. आज साहेबांना थोरल्याचं नाव दिलं आणि तुला महिनाभर दिला, तर चारवर येईल?"

प्रश्न तिने विचारला, पण तिच्या आवाजात जी विनवणी होती ती त्यालाही ऐकू गेली. त्याने नुसतं हो म्हणायचं होतं. तो हो म्हणाला असता तर तिने मानलं असतं, आणि हे दोघांनाही कळत होतं. महिन्याभराने काय व्हायचं ते झालं असतं. तोवर पाया पडला असता, दोघांनाही हवी ती गोष्ट हातात आली असती, आणि कुणी कुणाला दोष दिला नसता.

दीडने काचेतून बाहेर कोपऱ्याकडे पाहिलं. मौनी तिथे उभी राहून सहाचा आकडा वहीत उतरवत होती.

"नाही येणार," तो म्हणाला. "जे काढता येण्यासारखं होतं ते सगळं काढलं. आता उरलाय तो थोरलाच."

"नक्की?"

"नक्की, ताई."

तिने त्याच्यासमोरच पत्र पाठवलं. मग आपण त्याच्याकडे बघायला हवं हे तिला कळत होतं, पण तिची मान काही वर होईना.